सर्ज प्रोटेक्शनची तयार डीबी: डबा झकास, आतली वायर लांब

सांगली-मिरजेकडे बंगल्याचं वायरिंग निघालं की हल्ली सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या अचानक लोंढ्यापासून बचाव) आधीच बसवलेली तयार डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारा डिस्ट्रिब्यूशन बोर्डाचा डबा, मागवतात. वळवाचा पाऊस कडकडाट करत येतो आणि टीव्ही, राउटर, इन्व्हर्टरचे बोर्ड घेऊन जातो, त्यामुळे मागणी रास्तच. इथे पाहिलेला डबा सिंगल फेजचा, 12-वेचा, पत्र्याचा, डबल डोअर. आत 40 अँपिअरचा डबल पोल आयसोलेटर (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच), 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि टाइप 2 चा, म्हणजे डीबीत बसवायचा एसपीडी (लोंढा अर्थकडे वळवणारं उपकरण).

सुटा माल चांगला आहे. पत्रा दाबला तर आत जात नाही, रेल हलत नाही, न्यूट्रल लिंक पितळेची. एसपीडी फेज-न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅस ट्यूब (दोन्ही एरवी बंद, दाब वाढला की वाट मोकळी करणारे भाग) अशा जोडणीचा, आरसीसीबीच्या आधी लावलेला. आपल्याकडे घराची अर्थिंग आपलीच खोदलेली असते, तिथे हीच जोडणी हवी. एसपीडीच्या अंगावर छापलंय: 320 व्होल्ट (सतत सोसायचा कमाल दाब), 20/40 केए (नेहमीचा आणि कमाल लोंढा, किलोअँपिअरमध्ये), Up 1.5 केव्ही (लोंढा आल्यावर पुढे जाणारा दाब, किलोव्होल्टमध्ये). कार्ट्रिज, म्हणजे खराब होणारा आतला भाग, ओढून बदलता येतं.

घोटाळा मांडणीत आहे. आयसोलेटर डाव्या टोकाला, एसपीडी उजव्या टोकाला आणि अर्थ बार खाली विरुद्ध कोपऱ्यात. दिसायला छान, वायरी काटकोनात वळवून टाय मारलेल्या. पण टेप लावला तर फेजची वायर 55 सेंटिमीटर आणि अर्थची 65, म्हणजे 1.2 मीटर. विजेचा लोंढा मायक्रोसेकंदांत चढतो, त्यामुळे सरळ तांब्याच्या वायरीवरही मीटरमागे साधारण 1 केव्ही पडतो. एसपीडीचे दीड आणि वायरीचे जवळपास सव्वा धरले तर उपकरणापर्यंत जवळपास पावणेतीन केव्ही जातात. घरातली साधी उपकरणं अडीच केव्हीपर्यंत तग धरतात असं धरून बनवलेली असतात. म्हणजे एसपीडीने काम केलं तरी टीव्ही जाऊ शकतो. त्यात अर्थची वायर अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची), तीही बाहेर जाणाऱ्या वायरींच्याच जुडीत बांधलेली. टाइप 2 ला किमान 6 स्क्वेअर तांबं लागतं आणि ती वायर जुडीपासून लांब ठेवायची.

दुरुस्ती अवघड नाही, पण लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या. मीटरपाशी पुरवठा तोडल्याशिवाय हात घालायचा नाही. डीबीतला आयसोलेटर पाडला तरी त्याच्या वरच्या टोकांवर फेज असतोच. मग एसपीडी आणि त्याची 32 अँपिअरची बॅकअप एमसीबी (एसपीडीत बिघाड झाला तर त्याला तोडणारा स्विच) आयसोलेटरला खेटून घ्या आणि आरसीसीबी त्यांच्या पुढे सरकवा. बाहेरून येणारी मुख्य अर्थ आधी एसपीडीच्या अर्थ टर्मिनलवर आणा, तिथून अर्थ बारला. फेज, एमसीबी आणि अर्थ मिळून वायर 50 सेंटिमीटरच्या आत बसली पाहिजे. उरलेल्या वायरीचं वेटोळं करून आत कोंबू नका, कापून टाका. मल्टिस्ट्रँड (अनेक तारांच्या) वायरीच्या टोकाला पिन लग दाबून बसवा. या डब्यात दोन ठिकाणी स्क्रूखाली इन्सुलेशनच दाबलेलं निघालं.

जागेचा हिशेबही घ्या. 12-वे म्हणजे इनकमरच्या (मेन स्विचच्या) दोन धरून 14 मॉड्यूल, म्हणजे एकेका एमसीबीएवढ्या जागा. आयसोलेटर, आरसीसीबी, एसपीडी आणि बॅकअप एमसीबी यांत 7 जातात. लाइट दोन, किचन, गीझर, मोटर, एसी दोन झाले की डबा भरला. पुढे काही वाढवायचं असेल तर 16-वेच घ्या.

अर्थिंग डब्यासोबत येत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत ओल असेपर्यंत रोध कमी असतो. उन्हाळ्यात माती भेगाळते आणि पाइपपासून सुटते. साताऱ्याच्या पश्चिमेला मुरूम आणि खडक, तिथे एका रॉडने भागत नाही. तीन मीटरचे दोन रॉड किमान तेवढ्याच अंतरावर रोवून जोडावे लागतात. आणि फेज-अर्थमध्ये 100 वॅटचा बल्ब पेटवून 'अर्थिंग ओके' म्हणणं सोडा. बल्बचा रोध 529 ओहम; अर्थिंग 50 ओहमची असली तरी त्याला 210 व्होल्ट मिळतात आणि तो फक्क पेटतो. अर्थ टेस्टर लावा, 5 ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करा. रीडिंग येत नाही म्हणून डीबीत न्यूट्रल-अर्थ जोडणारे महाभाग आहेत. बाहेर न्यूट्रल तुटला की फ्रिज-गीझरच्या बॉडीवर करंट येतो.

थ्री फेजवाल्यांना एक सांगणं. खांबावरचा न्यूट्रल तुटून 400 व्होल्टकडे गेलं तर एसपीडी वाचवत नाही, तोच तापून जातो. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले (दाबावर नजर ठेवणारा) आणि कॉन्टॅक्टर (पुरवठा तोडणारा) वेगळा लागतो.

2019 आणि 2021 ला जिथे पाणी चढलं, तिथे डबा पूररेषेच्या वर घ्या. पाण्यात बुडालेली एमसीबी, आरसीसीबी, एसपीडी वाळवून परत लावायची नसते, भंगारात द्यायची.

एसपीडीची हिरवी खिडकी लाल झाली तरी घरातली लाइट चालूच राहते, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. बॅकअप एमसीबी पडली तरी तेच. जोराची वीज झाली की दार उघडून दोन्हीकडे बघा. वायरिंगला 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मारताना कार्ट्रिज काढून ठेवायला वायरमनला सांगा, नाहीतर रीडिंग तळाला जातं आणि तो नसलेला फॉल्ट शोधत बसतो. जादा कार्ट्रिज डब्यासोबतच घ्या. मॉडेल बदललं की जुन्या बेसला नवं बसत नाही.