घरी येऊन प्रोलॅक्टिनचं रक्त नेणारी सेवा: सुई छान, फॉर्म अर्धवट

मुलीचं अंगावरचं सुटून दीड वर्ष उलटलं तरी माझ्या कपड्यांवर अधूनमधून ओले डाग पडायचे. दोन्ही बाजूंनी, पांढरं, दुधासारखंच. पाळीही पुढे पुढे जायला लागली होती. गायनॅक मॅडम म्हणाल्या, पाजणं थांबल्यावर बरेच महिने दाबून थेंबभर दूध येत राहिलं तर त्यात वावगं काही नाही, पण आपोआप गळतंय आणि पाळी लांबतेय म्हणजे बघायला हवं. आधी प्रेग्नन्सी टेस्ट करून घेतली, मग प्रोलॅक्टिन (दूध यायला लावणारं हार्मोन) आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी) लिहून दिलं. थायरॉईड मंदावलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणून ही जोडी.

रक्त घ्यायला आलेल्या ताईंना पैकीच्या पैकी मार्क. आल्या आल्या दंडाला पट्टा बांधला नाही. उठून किती वेळ झाला ते विचारलं. प्रोलॅक्टिन झोपेत चढतं आणि उठल्यावर हळूहळू उतरतं, त्यामुळे उठून दोन-तीन तास झाल्यावरचं रक्त बरं. (अ‍ॅप मात्र मला पहाटेचाच स्लॉट घ्या म्हणून मागे लागलं होतं. मॅडमनी चिठ्ठीवर वेळ लिहून दिली होती म्हणून वाचले.) मग मला थोडा वेळ नुसतं बसवून ठेवलं. धावपळीनं, व्यायामानं, अगदी सुईच्या धास्तीनंही आकडा थोडा वर सरकतो म्हणे. सकाळी छाती दाबून पाहिली नाहीत ना, हेही त्यांनीच विचारलं, आणि इतक्या सहज विचारलं की मला अवघडायला वेळच मिळाला नाही. शीर पहिल्याच टोचणीत सापडली.

आता फॉर्म. त्यात मजला विचारला, लिफ्ट आहे का विचारलं, कुत्रा चावतो का तेही विचारलं. चालू औषधं कोणती, हा प्रश्नच नाही! प्रोलॅक्टिनच्या तपासणीत याहून महत्त्वाचा प्रश्न क्वचितच असेल. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन प्रोलॅक्टिनला दाबून धरतं. डोपामिनला अडवणारं औषध पोटात गेलं की तो दाब सुटतो. मळमळीवरची डोमपेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड त्यातलीच, मानसिक आजारांवरची काही औषधंसुद्धा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर काही यंत्रांवर आकडा चुकीचा येऊ शकतो, तेही कुठे लिहिलेलं नाही.

रिपोर्ट त्याच संध्याकाळी आला. टीएसएच ठीक. प्रोलॅक्टिन ६८, लाल रंगात, शेजारी साधारण २५ पर्यंतची नेहमीची रेंज. बाकी एक ओळ नाही. आणि रिपोर्ट उघडतेय तोवर त्यांच्या कॉल सेंटरचा फोन: 'मॅम, तुमचं हार्मोन हाय आहे, ब्रेन एमआरआयवर सध्या सूट चालू आहे.' प्रोलॅक्टिन वाढण्यामागे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीवरची छोटी गाठ असू शकते, हे खरं. पण ते ठरवायची ही रीत आहे का? माणसाच्या हातातून फोन पडेल! सूट कसली देताय, जरा धीर द्या.

मॅडमनी रिपोर्ट पाहण्याआधी माझ्या गोळ्यांचं पाकीट मागितलं. अ‍ॅसिडिटीची म्हणून पोटाच्या डॉक्टरांनी दिलेल्या कॅप्सूलमध्ये डोमपेरिडोन होतंच. त्या डॉक्टरांशी बोलून औषध बदललं आणि मग पुन्हा तपासणी केली. माझं सोपं होतं. मानसिक आजाराचं औषध असेल तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीही बंद करू नका. दुसऱ्या वेळी आकडा १९ आला. कॉल सेंटरनं या खेपेला फोन केला नाही.

गळणं बरंच कमी झालंय. थांबलंय का हे दाबून बघायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे, कारण दाबलं की शरीराला वाटतं अजून मागणी आहे.

एकाच बाजूनं येत असेल, रक्ताळ किंवा पाण्यासारखं असेल, हाताला गाठ लागत असेल, तर ही सेवा बुक करत बसू नका, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. डोकं दुखून नजर अंधुक होत असेल तरीही तेच. बाकी चिठ्ठी हातात असेल तर रक्त द्यायला खुशाल यांना बोलवा. पाचपैकी तीन तारे; फॉर्ममध्ये औषधांचा रकाना आला की चौथा देईन.