घड्याळाची टिकटिक आणि माझे ३८ पौंड: आठ महिन्यांनंतर

आधीच सांगून टाकतो, मी या रेकॉर्डची सीलबंद प्रत घेतली नाही. विकणाऱ्याकडे दोन होत्या. एक सीलबंद, ८५ पौंड. दुसरी ‘एकदाच वाजवलेली’, ३८ पौंड, टपालखर्च वेगळा. सांगलीत वाढलेल्या माणसाला यात विचार करण्यासारखं काय आहे?

रेकॉर्ड म्हणजे पेट शॉप बॉईज या ब्रिटिश पॉप जोडीच्या (नील टेनंट आणि ख्रिस लो) ‘द मोस्ट इन्क्रेडिबल थिंग’ या बॅलेचं संगीत, मर्यादित आवृत्तीतलं. कव्हर, कागद, रंगसंगती यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला एका आवाजाबद्दल बोलायचंय.

घ्यायचं कारणही कंजूषपणाच. हा बॅले २०११ साली लंडनच्या सॅडलर्स वेल्स या नाट्यगृहात आला, पुढच्या वर्षी परत आला. आम्ही तेव्हा लंडनमधल्याच हॅरो भागात नवीन होतो. बायको जाऊन बघून आली आणि मी तिकिटाचे पैसे वाचवले. त्यावरून आजही टोमणे खातो. म्हटलं, निदान ऐकू तरी.

पहिल्या महिन्यात मत वाईटच होतं. टेनंट आणि लो म्हटल्यावर मी गाण्यांची वाट बघत बसलो. इथे गाणं जवळजवळ नाहीच. सिंथेसायझर आणि ऑर्केस्ट्रा शेजारी शेजारी बसवलेत आणि कधी कधी दोघं एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. वाद्यवृंद पोलंडमधल्या व्रोत्सवाफचा, वाद्यरचना स्वेन हेल्बिगची. २००४ साली टेनंट आणि लो यांनी ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या मूकपटाला जे संगीत दिलं, ते ऐकलेल्यांना धक्का बसणार नाही. मला बसला.

पण घड्याळाचा भाग पहिल्याच दिवशी आवडला. बॅलेची कथा डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन अँडरसनची, १८७० ची. राजा जाहीर करतो, जो सगळ्यात अविश्वसनीय गोष्ट करून दाखवेल त्याला राजकन्या आणि अर्धं राज्य. एक तरुण घड्याळ बनवतो. दर तासाला त्यातून चित्रं बाहेर येतात: दोनला आदम आणि हव्वा, तीनला तीन राजे, चारला ऋतू, असं बारापर्यंत. या भागात मागे एक बारीक ‘टक’ ऐकू यायची. संथ, एकसारखी, किंचित कोरडी. काय कल्पकता आहे म्हणून मी दोन महिने लोकांना ऐकवली. एका मित्राला तर दिवे बंद करून ऐकवली.

मग आमच्या लायब्ररीने जुन्या सीडी विकायला काढल्या. त्यात हाच अल्बम, ५० पेन्स. घेतला. घरी लावला तर घड्याळाच्या भागात टक नाही!

तेव्हा मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसलो. वीस वेळा टक, छत्तीस सेकंद. म्हणजे एका टकेला १.८ सेकंद. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेणारी तबकडी एक फेरा बरोबर १.८ सेकंदात पुरा करते. गोष्टीतलं घड्याळ वाजतच नव्हतं, माझी तबकडी वाजत होती. भिंग घेऊन बघितलं तर एक केसाएवढा बारीक, आडवा ओरखडा, लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर. रेकॉर्डवर चर खरं तर एकच असतो, गोल गोल आत जाणारा. ओरखडा त्याला पन्नासेक वेळा कापतो, म्हणून पन्नासेक वेळा टक. ऐन घड्याळाच्या शांत जागी. दोन बोटं बाहेर असता तर ढोल-ताशात बुडून गेला असता.

विकणाऱ्याला लिहिलं. त्याचं उत्तर जसं आलं तसं सांगतो: तो भाग घड्याळाचा आहे, टिकटिक असणारच. मी ३६ भागिले २० चा हिशेब पाठवला. त्याने हसण्याचं चिन्ह पाठवलं. मी सीडीचं रेकॉर्डिंग पाठवलं. मग त्याला आठवलं की परत घ्यायची मुदत ३० दिवसांची होती. तीही खरीच होती. दोन महिने मी स्वतःच त्या ओरखड्याची तारीफ करत फिरलो होतो, तक्रार कोणत्या तोंडाने करणार? शेवटी चार निरोपांनंतर ७ पौंड परत आले. म्हणजे रेकॉर्ड ३१ ला पडली.

उपाय सगळे करून झाले. डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, चष्म्याचं कापड. धूळ गेली, टक राहिली. त्याच सुमारास आई सांगलीहून आली होती. ती म्हणाली, “अरे, सुईच्या डोक्यावर नाणं ठेव. तुझे आजोबा चार आणे ठेवायचे.” नाण्याने सुई उडायची थांबते, ओरखडा बुजत नाही, आणि माझ्या सुईचा भार जेमतेम दोन ग्रॅम ठेवायचा असतो. हे समजावेपर्यंत तिने पर्स काढली होती. नाणं लपवावं लागलं.

तिला गोष्टही सांगितली. घड्याळावर सगळे खूश असताना एक दांडगा माणूस येतो, कुऱ्हाडीने ते फोडतो, आणि परीक्षक म्हणतात, एवढी सुंदर वस्तू मोडणं हेच सगळ्यात अविश्वसनीय, बक्षीस याला. आई म्हणाली, “मोडणाऱ्याला बक्षीस? यात अविश्वसनीय काय आहे?”

तिच्याबरोबर ती बाजू परत ऐकली आणि माझं मत बदललं. मी गाणी शोधत होतो तेव्हा फोडाफोडीचा भाग मला नुसता गोंगाट वाटला होता. आता कळलं की तिथे सिंथेसायझर आणि ऑर्केस्ट्रा एकमेकांशी भांडत नाहीत, दोघं मिळून घड्याळावर तुटून पडतात. आणि लग्नाच्या दिवशी मोडलेल्या घड्याळातली माणसं परत उभी राहून त्या दांडग्याला आडवा करतात. १९४० मध्ये जर्मनांनी डेन्मार्क ताब्यात घेतल्यावर तिथल्या विरोधकांनी हीच कथा चित्रांसकट छापली, आणि बाराच्या ठोक्याचा पहारेकरी दाढीवाला ज्यू धर्मगुरू दाखवला. हे वाचल्यापासून शेवटची बाजू मी स्वयंपाक करताना लावत नाही.

घ्यावी का? नुसतं संगीत हवं असेल तर सीडी शोधा. माझी ५० पेन्सची एकदाही अडखळलेली नाही. रेकॉर्डवर तंतुवाद्यांचा खालचा आवाज जास्त भरीव लागतो हे खरं, पण त्यातला किती भाग ३१ पौंड घालवल्याच्या दुःखाचा आहे ते मी सांगू शकत नाही. बाजू उलटायला उठावं लागतं, तेवढा व्यायाम होतो.

ताजा कलम: गेल्या मंगळवारी त्याच विकणाऱ्याचा निरोप आला. सीलबंद प्रत अजून गेलेली नाही, तुमच्यासाठी ७० ला देतो. मी लिहिलं, घड्याळाची बाजू एकदा लावून मला रेकॉर्ड करून पाठव, टक नसेल तर घेतो. तो म्हणाला, त्यासाठी सील फोडावं लागेल, आणि फोडलं की ती ३८ ची होईल.

मी म्हटलं, मग फोड.