दुकानाला पाटी नाही, तरी पाटी इथूनच करून घ्या

आधी पत्ता. सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या अंगाला एक बोळ आहे, रिक्षा आत जात नाही. बोळाच्या तोंडाशी शेंगाचटणी कुटणाऱ्यांचं घर आहे. आत शिरलात की दोन ठोके ऐकू येतील. धप्प वाजतो तो चटणीचा, टक्क वाजतो तो आपला. त्या टक्कच्या मागं जायचं. दुकानावर नाव नाही. भूमिपूजनाचे दगड, बंगल्यांच्या पाट्या, समाध्यांवरची अक्षरं करण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्याच दुकानाला पाटी नाही. का हो मामा, म्हणून विचारलं तर म्हणाले, "केलती की बाई एकदा. एक गिऱ्हाईक आलं, म्हणलं हाच दगड पाहिजे. मग उलटा करून मागच्या अंगाला त्यांचं नाव कोरून दिलं."

मी ३३ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळं चुकीचं अक्षर दिसलं की हात खडू शोधतो. ही सवय इथं सांगायचं कारण आहे. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, २०२३ मध्ये गेले. पैलवान माणूस. रेवड्यांच्या कुस्तीपासून सुरुवात करून पंचक्रोशीतले फेटे जिंकलेले. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या तालमीत त्यांच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं आणि शिकलेली म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं.

पहिल्यांदा मी या मामांकडे गेलेच नव्हते. मोठ्या रस्त्यावरच्या एका एसी दुकानात गेले. दोन दिवसांत पाटी तयार, काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, चकचकीत. आणि सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात: 'स्मरर्णाथ'. रफार एक घर आधी जाऊन बसलेला. तिथला पोरगा म्हणाला, "फॉन्टचा प्रॉब्लेम हाय मॅडम. वाचताना कळतंय की." कळतंय हो, पण आप्पा काय रोज उठून मरणार आहेत? अर्धे पैसे बुडाले. ती पाटी आता आमच्या गच्चीवर पापड वाळवताना दाबायला आहे.

मामांकडे कॉम्प्युटर नाही. दगडाला आधी पांढरा रंग फासतात, वाळला की त्यावर पेन्सिलीनं ओळी आखून हातानं अक्षरं काढतात आणि गिऱ्हाइकाला समोर उभं करून मोठ्यानं वाचायला लावतात. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा उलटीकडून, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडं. सरळ वाचताना माणूस डोळ्यानं नाही, सवयीनं वाचतो, हे मला नोकरीच्या पंधराव्या वर्षी कळलं होतं. मामांना कुणी शिकवलं कोण जाणे. मग टाकी, म्हणजे छिन्नी. दर अर्ध्या-पाऊण तासानं टाकी बोथट होते, तिला भट्टीत तापवून पाणी देतात. दुकानात तीन भाषा चालतात: दगडाशी कानडी, हाताखालच्या पोराशी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी. दगडाशी बोलतात ते बहुतेक शिव्याच असाव्यात.

आता दर. संगमरवरावर अक्षराला ४० रुपये, काळ्या दगडावर ६०. जोडाक्षर एकच धरतात, मग ते 'स्मृ' असो नाहीतर 'ष्ट्य'. काना, मात्रा, वेलांटी, रफार फुकट. आकडाही अक्षरात मोजतात. दगडाचे पैसे वेगळे. संगमरवर घेऊ नका असं ते स्वतःच सांगतात. तो मऊ असतो, आणि आपली माणसं कुठल्याही कोरलेल्या दगडावर हळदकुंकू, तेल आणि लिंबू घेऊन धावतात. लिंबू संगमरवर खातं. काळ्या दगडाला काही होत नाही, फक्त वेळ लागतो. हातानं कोरलेलं अक्षर आत निमुळतं होत जातं, त्यामुळं रंग उडाला तरी सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हात सावलीनं वाचता येतं. हे त्यांनी सांगितलं आणि मी त्यांच्या अंगणातल्या एका जुन्या, रंग गेलेल्या दगडावर साडेपाच वाजता पाहिलं. खरं आहे.

तालमीच्या कमिटीनं मजकूर करून दिला होता. 'मल्लविद्येचे महामेरू, शौर्याचे धगधगते अग्निकुंड, गोरगरिबांचे कैवारी' असं सुरू होऊन खाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सल्लागार अशी ११ नावं. मामांनी बोटानं मोजलं. २१४ अक्षरं. संगमरवरावर सुद्धा ८५६० रुपये. कागद परत देत म्हणाले, "यात पैलवान कुठं हाय?"

मी म्हटलं, कमिटीचीही नावं राहायला पाहिजेत, पैसे त्यांनी काढलेत. त्यावर त्यांनी मला भलताच प्रश्न विचारला. "बाई, चार पुतळ्याला रोज जाता न्हवं? चौघांची नावं सांगा बघू."

सोलापूरकरांना 'चार पुतळा' म्हणजे काय ते सांगायला नको. १९३० च्या मे महिन्यात हे शहर इंग्रजांच्या हातातून काही दिवस निसटलं, मग मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. दर १२ जानेवारीला, बाहेर सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची धामधूम चालू असताना, मी वर्गात हे शिकवलेलं आहे. मी ताठ मानेनं सुरू केलं: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे... आणि अडले. मुलांना सांगताना जीभ कधी अडली नव्हती. फळ्यावर मी स्वतः लिहिलेलं नाव डोळ्यासमोर येईना. कोपऱ्यात दगड घासत बसलेलं ते पोर मान वर न करता म्हणालं, "श्रीकिसन सारडा, आज्जी."

"चारच हायत म्हणून तीन तरी आठवली," मामा म्हणाले. "अकरा असती तर?"

कमिटीची नावं तिथंच गेली. (कमिटीतले तिघं माझ्याशी अजून बोलत नाहीत. ते वाचत असतील तर वाचू देत.)

पुढच्या खोलीत त्यांच्या मुलाचा ट्रॉफीचा धंदा आहे, त्याबद्दल थोडक्यात लिहिते कारण जास्त लिहावं असं काही नाही. तालमीच्या मैदानासाठी बक्षिसं तिथूनच घेऊ म्हटलं. पैलवान म्हणून दाखवलेला पुतळा शरीरसौष्ठवाचा निघाला, दोन्ही हात वर करून दंड दाखवणारा. त्याला लांग नाही, माती नाही, जोडीदार नाही. सोनेरी मुलामा माझ्या तळहाताला लागला. महाराष्ट्र केसरीला मिळते तशी चांदीची गदा म्हणून जी दाखवली ती प्लास्टिकची, चांदीचा रंग मारलेली, उचलली तर बडीशेपेच्या डब्यासारखी वाजली. मुलगा गोड बोलतो, पण ट्रॉफी दुसरीकडून घ्या. आप्पांचा फोटो लेझरनं ग्रॅनाइटवर हुबेहूब काढून देतो, असंही तो म्हणाला. मामांनी आतूनच खाकरून आपलं मत दिलं.

मजकुरावर मात्र मामा अडून बसले. "काय केलं त्यांनी, तेवढं एका ओळीत सांगा. बाकी राहू द्या." एका ओळीत सांगणं किती जड जातं ते तेव्हा कळलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी चौथीची मुलं घेऊन भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकात जायची. सांगायची की आपल्या सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेला, तेव्हा वय ३२. एकदा एका मुलानं विचारलं, "बाई, मग त्यांनी किती जणांना वाचवलं?" माझ्याकडे आकडा नव्हता. मुलाचा चेहरा पडला. मुलांना आकडा लागतो, किती रन, किती विकेट.

आप्पांकडे आकडा होता. १९७२ चा दुष्काळ. गावची विहीर खोल करायचं काम चाललेलं. सुरुंग उडवून झाल्यावर माणसं उतरली आणि काठ आत ढासळला. आप्पा तेव्हा २६ वर्षांचे. मोटेचा नाडा कमरेला बांधून ते तीनदा खाली गेले आणि तीनदा एकेकाला पाठीवर घेऊन वर आले. पुढं सत्कार झाला: शाल, नारळ आणि पितळेचा तांब्या. आम्ही लहानपणापासून 'तिघांना वाचवणारे आप्पा' असंच ऐकत आलो. मी ओळ केली: '१९७२ च्या दुष्काळात विहिरीत उतरून यांनी तिघांचे प्राण वाचवले.' मामांनी मान डोलावली. 'कै.' लिहू का विचारलं तर म्हणाले, "एक अक्षर वाढतंय. नाही लिहिलं तर मेला नाही असं कुणाला वाटणार हाय?"

संध्याकाळी ती ओळ थोरल्या काकूंना वाचून दाखवली. त्या ऐंशीला टेकल्यात. म्हणाल्या, "आणि चौथा?"

चौथा होता. आप्पा चौथ्यांदा उतरत असताना उरलेला काठ आला आणि लोकांनी नाडा ओढून त्यांना वर घेतलं. चौथा दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. त्या तिघांबद्दल आप्पा कधीच बोलले नाहीत, काकू म्हणाल्या, पण चौथ्याचं नाव झोपेत घ्यायचे. तो सत्काराचा तांब्या त्यांनी कधी तोंडाला लावला नाही. काकूच त्यात तुळशीला पाणी घालत आल्या.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बोळात. मामांना सांगितलं, चौथ्याचं नाव खाली घालायचं आहे, आप्पांच्या नावाएवढ्याच अक्षरात. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उगाच वेगळ्याच गोष्टीला लागले. हत्तरसंग कुडलला गेलाय का विचारलं. भीमा-सीनेच्या संगमावर देऊळ आहे, त्यात शके ९४० चा म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी. आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. मामा तिथं जाऊन अक्षरांवरून बोट फिरवून आलेत. शेवटची ओळ त्यांना पाठ आहे: 'वाछि तो विजेया होईवा'. वाचेल तो विजयी होईल. "कोरवून घेणाऱ्यानं वाचणाऱ्याला आशीर्वाद दिलाय बघा. आताचे लोक वाचणाऱ्याला काय देतात? स्वतःच्या पदव्या."

मला आमच्या मारुतीच्या देवळामागचा वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, आठवला. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर पिंडीपुढे हात जोडून बसलेला, आणि टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत हाही राहणार. राहिला खरा. पण कानडी मुलखातल्या वीरगळांवर लेख असतात, आपल्याकडच्या बहुतेकांवर अक्षर नाही. आमची आई त्याला म्हसोबा समजून अमावस्येला तेल घालायची. तलवारीच्या जागी आता नुसता तेलकट फुगवटा उरलाय. मामांना हे सांगितलं तर त्यांनी पहिल्यांदा कारागीर म्हणून राग दाखवला: "कोरणाऱ्यानं नाव घालायला पाहिजे होतं. त्याच्या बापाचं काय जात होतं?"

आता तक्रारी. आठ दिवस सांगितलेल्या कामाला २६ दिवस लागले. मधे यात्रेतल्या नंदीध्वजाची गडबड, मग पोराला ताप, मग दगडात एक शीर निघाली म्हणून दुसरा दगड. फोन उचलत नाहीत, उचलला तर "या की" म्हणतात आणि गेलं की, "कशाला घाई करलालाव बाई, त्यांना कुठं जायचंय आता." ऑनलाइन पैसे घेत नाहीत. बसायला स्टूल आहे, पण त्यावर दगडाची पूड असते, सुती साडी नेसून जाऊ नका. दुपारी दोन ते चार बंद. दगड उचलायला माणूस तुमचाच. आमच्या भाच्याची कंबर दोन दिवस धरली होती. पाचपैकी चार तारे. ट्रॉफीचे वेगळे द्यायची सोय असती तर दीड दिला असता.

बसवायच्या दिवशी काकूंना खुर्चीवर बसवून तालमीत नेलं. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी आप्पांच्या नावावरून बोट फिरवलं, मग खालच्या नावाशी बोट थांबवून विचारलं, "हेच का?" मी हो म्हटलं. तालमीतली पोरं तेल लावून मागं उभी होती. त्यातल्या एकानं ते दुसरं नाव मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, हे कोण.

हिशेब घरी येऊन पाहिला. दगड २ फूट बाय दीड फूट, घासाईसह १८०० रुपये. अक्षरं ९१, दर ६०, म्हणजे ५४६०. एकूण ७२६०. मास्तरीण ती मास्तरीणच, मी दगडाच्या फोटोवरची अक्षरं मोजली. ९५ भरली. पुन्हा मोजली, उलटीकडून. ९५च. चौथ्याचं नाव चार अक्षरी आहे.