पांढऱ्या बीटलला राखाडी रेष: तामियाचा पॅनल लाइन अ‍ॅक्सेंट कलर

१:२४ प्रमाणातली, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची प्लास्टिकची मॉडेल मोटार बांधताना सर्वांत जास्त वेळ बॉडीच्या रंगावर खर्च होतो, आणि तरीही रंग वाळल्यावर पुष्कळदा वाटते की समोर मोटारीच्या आकाराची साबणाची वडी ठेवली आहे. याचे कारण साधे आहे. बऱ्याच किटमध्ये दारे बॉडीबरोबर एकाच तुकड्यात ओतलेली असतात. त्यांच्या कडेची फट म्हणजे केवळ एक उथळ खाच असते आणि तिच्या तळाशीही तोच चकचकीत रंग जाऊन बसतो. खऱ्या गाडीत त्या फटीतून आतला अंधार दिसतो. तो अंधार मॉडेलमध्ये आणण्यासाठी जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनी ‘पॅनल लाइन अ‍ॅक्सेंट कलर’ या नावाने, आधीच पातळ केलेला एनॅमल रंग ४० मिलिलिटरच्या चौकोनी बाटलीत विकते. याच कंपनीच्या फोक्सवॅगन १३०० बीटलवर मी तो वापरला, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

वापरण्याची रीत सोपी आहे. बाटलीच्या तळाशी रंगाचा गाळ बसतो, म्हणून ती आधी चांगली हलवून घ्यावी. मग ब्रशचे टोक खाचेला नुसते टेकवायचे, ओढायचे नाही. केशाकर्षणाने रंग आपोआप खाचेतून पळू लागतो. बीटलच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात मी थेंब टेकवला, तेव्हा रेष कोपऱ्यावरून वळून खिडकीच्या दिशेने चढत गेली आणि मध्यावर येऊन थांबली. तिथे दुसरा थेंब दिला. हे दृश्य कितीही वेळा पाहिले तरी मन भरत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी, एनॅमल थिनरमध्ये (एनॅमल रंग पातळ करणाऱ्या द्रावणात) जेमतेम ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने बाहेर आलेला डाग पुसायचा. काडी खाचेला आडवी फिरवावी. खाचेच्या दिशेने फिरवली तर आतला रंगही निघून येतो.

खरा विचार करावा लागतो तो छटा निवडताना. काळा, तपकिरी, राखाडी, गडद तपकिरी अशा छटा मिळतात, आणि नवखा माणूस बहुधा काळी बाटली उचलतो. पांढऱ्या किंवा पिवळ्या गाडीवर ती चूक ठरते, आणि का ते गणिताने कळते. खऱ्या गाडीच्या दाराची फट ४ मिलिमीटर धरली, तर चोविसाव्या हिश्शाने ती जेमतेम ०.१७ मिलिमीटर होते. साच्यातून ओतलेली खाच त्याहून नक्कीच रुंद असते. म्हणजे रेष मुळातच प्रमाणाबाहेर जाड आहे. तीत गडद काळा भरला की गाडी शाईने आखलेल्या चित्रासारखी दिसते. शिवाय फिक्या रंगाच्या गाडीच्या फटीत कडांवरून परतलेला उजेड शिरतो, त्यामुळे तिथला अंधार पूर्ण काळा नसतोच. माझ्या बीटलला तामियाच्या स्प्रेचा टीएस-७ रेसिंग व्हाइट हा किंचित सायीकडे झुकणारा पांढरा रंग आहे. एका दारावर काळा आणि दुसऱ्यावर राखाडी लावून मी दोन्ही बाजू खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिल्या. काळ्या बाजूला आधी रेष दिसत होती आणि मग दार. राखाडी बाजूला थेट दार दिसत होते. काळी रेष मी त्याच संध्याकाळी पुसून काढली. गडद निळ्या, हिरव्या गाड्यांना काळा शोभतो, लाल गाडीला गडद तपकिरी.

काळ्या बाटलीची जागा वेगळी आहे. मागच्या काचेखालच्या हवेच्या फटी, चाकांमधली भोके, क्रोमचा मुलामा दिलेल्या जाळ्या, जिथे खऱ्या गाडीत आरपार पोकळी असते, तिथे काळाच हवा. बीटलच्या दाराखालच्या पायफळीवरच्या काळ्या रबरी पट्ट्यांवर मात्र मी राखाडीच फिरवून वरवर पुसला, आणि खाचांत बसलेली धूळ हुबेहूब उतरली.

ज्यावर हा रंग लावायचा तो पृष्ठभाग चकचकीत आणि पूर्ण वाळलेला असावा. खरखरीत, मॅट रंगावर तो खाच सोडून पसरतो आणि त्याचे डाग पुसूनही राहतात. खालचा रंग एनॅमल असेल तर पुसताना तोही सुटतो. टीएस मालिकेतल्या स्प्रेसारख्या लॅकरवर ही भीती नाही, कारण एनॅमल थिनरने तो सुटत नाही. तामियाच्या अ‍ॅक्रिलिकवर मी तरी आधी क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लॅकरचा थर देतो. पावसाळ्यात मात्र दमट हवेत क्लिअर लॅकर मारला की त्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून पुण्यात जून ते सप्टेंबर मी ते काम उघडिपीच्या दिवसासाठी राखून ठेवतो.

सर्वांत महत्त्वाची सूचना रंग न दिलेल्या प्लास्टिकबद्दल आहे. एनॅमल थिनर उघड्या प्लास्टिकमध्ये मुरतो, आणि त्या भागावर ताण असेल तर तो तडकतो. एका जुन्या मॉडेलच्या रंग न दिलेल्या चॅसीवर (गाडीच्या तळाच्या सांगाड्यावर) मी घाईने असा पातळ रंग सढळ हाताने ओतला होता. दुसऱ्या दिवशी चाक बसवताना आस मुळाशीच तुटला. दोष सर्वस्वी माझ्या घाईचा होता. तेव्हापासून दाबून बसवायच्या भागांना आधी रंग आणि मगच हे द्रावण, हा नियम मी मोडलेला नाही.

झाकणाला जोडलेला ब्रश चाकांना आणि इंजिनाला पुरेसा आहे, पण दाराच्या कडेसाठी जाड पडतो. तिथे ट्रिपल झीरोचा (०००), म्हणजे अगदी बारीक टोकाचा वेगळा ब्रश घ्यावा. बाटलीचे तोंड पुसूनच झाकण लावावे, नाहीतर ते चिकटून बसते. काही महिन्यांनी रंग घट्ट वाटला, तर तामियाच्याच एक्स-२० थिनरचे थोडे थेंब पुरतात. ज्वलनशील असल्याने असे सामान पार्सलने मागवताना ते रस्त्याने येईल असे धरून चार दिवस हाताशी ठेवावेत. एकच बाटली घ्यायची असेल तर राखाडी घ्यावी, काळी नंतर.