गर्भपातावर हॅरिस की ट्रम्प: २०२४ ला नक्की फरक काय होता

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताला देशभर घटनात्मक हक्क मानणारा १९७३ चा रो विरुद्ध वेड निकाल रद्द केला, त्यानंतरची ही पहिलीच अध्यक्षपदाची निवडणूक, त्यामुळे मतदारांमध्ये यावरून प्रचंड वाद झाले.

हॅरिस म्हणत होत्या, रो चं संरक्षण देशभरासाठी कायद्यात आणू. पण सिनेटमध्ये ६० मतं कुठून आणणार? त्यावर त्यांचं म्हणणं, या विषयापुरता फिलिबस्टरच, म्हणजे ६० मतं नसली की विधेयक अडवून धरता येतं तो सिनेटचा नियमच, काढून टाकू. मला पटतं, पण सिनेट हातात नसेल तर सगळं कागदावरच राहतं.

ट्रम्प म्हणाले राज्यं ठरवतील. ऐकायला बरं वाटतं, पण फ्लोरिडाचं बघा ना, तिथे सहा आठवड्यांची मर्यादा, तोवर कित्येक बायकांना दिवस गेलेत हे कळतही नाही, आणि ट्रम्प स्वतः आधी बोलले की सहा आठवडे कमी आहेत अन दुसऱ्याच दिवशी सांगितलं की गर्भपाताचा हक्क फ्लोरिडाच्या घटनेत घालणारी जी दुरुस्ती मतदानाला आहे, तिच्या विरोधात मी मत देणार. ५७ टक्के लोक दुरुस्तीच्या बाजूने होते तरी ती पडली, कारण ६० टक्के लागत होते!

मिसुरीत तर त्याच दिवशी लोकांनी ट्रम्पनाही जिंकवलं आणि गर्भपाताचा हक्कही त्या राज्याच्या घटनेत घातला. म्हणजे लोक उमेदवार आणि प्रश्न वेगळे ठेवतात, हे चर्चेत कुणी धरतच नाही.

माझा कौल हॅरिसच्या भूमिकेला. आपल्याकडे १९७१ चा गर्भपाताचा कायदा केंद्राचा आहे, महाराष्ट्रात एक नि गुजरातेत दुसरा असं नाही. राज्याची हद्द ओलांडली की बाईचा हक्क बदलतो, हे मला मान्यच नाही.