'सॉलिड कार्बाइड' म्हणून गळ्यात मारलेले बिट

रोटरी टूलवर, म्हणजे बिट (कापायचं छोटं टोक) वेगाने फिरवणाऱ्या हातातल्या यंत्रावर, लाकडात बारीक कोरीव काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहितोय. एका ऑनलाइन विक्रेत्याने 'सॉलिड टंगस्टन कार्बाइड' (म्हणजे अख्खा बिट पोलादापेक्षा खूप कडक अशा कार्बाइडचा) असं ठळक छापलेला बिटांचा संच मला विकला. आत निघालं मऊ पोलाद, वरून सोनेरी मुलामा. ही सरळसरळ लबाडी आहे.

मी बॉक्सवुड या घट्ट, बारीक पोताच्या लाकडात अंगठ्याच्या नखाएवढे चेहरे कोरतो. पापणीची कड काढायला ०.५ मिमीचा गोल बिट लागतो. तो किंचित जरी थरथरला तरी पापणी गेलीच समजा. त्यामुळे आकार, धार आणि दांडीचा सरळपणा या तिन्ही गोष्टी चोख लागतात, आणि त्यासाठीच लोक जास्त पैसे मोजून कार्बाइड घेतात.

नवा बिट लावल्यावर थोड्याच वेळात जळका वास आला आणि कापाची रेघ तपकिरी पडली. भिंगाखाली धरून पाहिलं, तर दातांच्या कडांवरचा सोनेरी थर उडून आतला पांढुरका धातू उघडा पडला होता आणि दात चक्क गोलसर झाले होते. लाकूड कापलं जात नव्हतं, नुसतं घासलं जात होतं. तरीही मनात शंकेला जागा होती. ती दुसऱ्या बिटाने मिटवली. त्याची मान वाकली. कार्बाइड कडक असतं तसंच ठिसूळ. जोर जास्त झाला तर ते कटकन तुटतं, असं वाकून राहत नाही. त्या वाकड्या बिटाने जवळजवळ पूर्ण झालेल्या चेहऱ्याच्या गालात खड्डा पाडला. तो चेहरा गेला याचं वाईट आजही वाटतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी उत्तर आलं, 'तुम्ही वेग जास्त ठेवला असेल.' मग 'दुसरा संच पाठवतो', मग 'माल निघालाय'. असं गोड बोलत परत करायची मुदत उलटू दिली, आणि मग नियमावर बोट ठेवलं. हा डाव ओळखा. बदली मालाच्या आश्वासनावर थांबू नका, परतीची रीतसर विनंती आधी नोंदवा.

माल हातात पडल्या दिवशीच तपासायचा असेल तर वजन हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. कार्बाइडची घनता १५ ग्रॅम प्रति घन सेंमीच्या आसपास असते, पोलादाची ८ पेक्षा थोडी कमी. म्हणजे ३.१७५ मिमी जाडीचा, ३८ मिमी लांबीचा अख्ख्या कार्बाइडचा तुकडा साधारण साडेचार ग्रॅम भरेल आणि तेवढाच पोलादाचा अडीचच्याही आत. सोनाराचा छोटा काटा हा फरक लगेच दाखवतो. दुसरी परीक्षा कानशीची: कार्बाइडवरून कानस घसरते, मऊ पोलादाला चावते. मात्र अनेक चांगल्या बिटांना डोकं कार्बाइडचं आणि दांडी पोलादाची असते, दोन्ही झाळून जोडलेली. तिथे दांडीला कानस लागली तर ती फसवणूक नाही. अट एवढीच की 'सॉलिड' असं लिहून विकलेलं नसावं. चुंबकावर विसंबू नका, कार्बाइडमध्ये बहुधा कोबाल्ट असतो आणि तेही थोडं ओढलं जातं.

दांडीतही फसवतात. ३ मिमीची दांडी '३.२ चालेल' म्हणून खपवली जाते. कोलेटमध्ये (यंत्राच्या तोंडाशी दांडी पकडणाऱ्या भागात) ती नीट पकडली जात नाही, सरकते आणि डोकं केंद्रातून हलतं. २.३५ मिमीच्या दांडीला त्याच मापाचं कोलेट हवं. दांडी काचेवर लोळवून पाहा, वाकडी असेल तर डोकं उड्या मारताना दिसतं.

त्याच संचात डायमंडचे बिटही कोंबले होते, 'खोल कोरण्यासाठी' म्हणून. लाकडात त्यांच्या कणांमध्ये भुसा अडकतो आणि लाकूड करपतं. शेवटचं घासकाम करायला ते ठीक. त्यापेक्षा प्रामाणिकपणे 'हायस्पीड स्टील' म्हणून विकलेला धारदार बिट लाकडाला कितीतरी बरा. माझं भांडण पोलादाशी नाही.

आता मी पैसे भरण्याआधी काट्यावर ठेवलेल्या बिटाचा फोटो मागतो. ज्याच्याकडून हल्ली घेतो त्याने तो लगेच पाठवला. आधीच्याकडे मागितल्यावर त्याने उत्तर देणंच बंद केलं.