लाटांसाठी छोटा सप बोर्ड निवडताना: लांबी कमी करा, रुंदीची घाई नको

सप म्हणजे उभं राहून पॅडल मारत चालवायचा बोर्ड. दहा फुटी बोर्डावर कंबरभर उंचीच्या लाटा मिळायला लागल्या, की सात-आठ फुटी बोर्ड खुणावू लागतो. वळायला चपळ, उचलायला हलका, आणि व्हिडिओत सगळे तसलाच वापरताना दिसतात. मग लांबी आणि रुंदी दोन्ही एकदम कमी केलेला बोर्ड घरी येतो. त्यावर लाट मिळालीच तर मजा येते, पण दोन लाटांच्या मधली दहा मिनिटं उभं राहता राहता दम निघतो आणि लाटा मोजक्याच मिळतात.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. पहिला छोटा बोर्ड घेताना लांबी दीड-दोन फुटांनी कमी करा, रुंदी मात्र जवळपास आहे तीच ठेवा. १० फूट × ३१ इंचावरून उतरायचं असेल, तर ८ फूट ते ८ फूट ४ इंच × ३० ते ३१ इंच ही सुरक्षित उडी. २८ इंची बोर्ड त्याच्यानंतरचा.

लिटरचा हिशेब

बोर्डावर छापलेले लिटर म्हणजे त्याचं आकारमान. समुद्राच्या पाण्यात एक लिटर साधारण १.०२५ किलो वजन तोलून धरतं. हिशेब करताना लोक फक्त स्वतःचं वजन धरतात आणि तिथेच फसतात. बोर्डाचं स्वतःचं वजनही त्याच लिटरांना उचलावं लागतं. माणूस ८० किलो, भिजलेला वेटसूट ४, बोर्ड ८, पॅडल आणि लीश (पायाला बोर्डाशी बांधणारी दोरी) मिळून १, असे झाले ९३ किलो. १.०२५ ने भागल्यावर ९१ लिटर. म्हणजे ९१ लिटरचा बोर्ड या माणसाखाली जेमतेम बुडायचा थांबेल आणि अख्खा पाण्याखालीच राहील. ९५ लिटरवरही पॅडल मारायचं थांबलात की पाय पाण्यात.

पहिल्या छोट्या बोर्डासाठी वजनाच्या किलोंना १.३५ ते १.५ ने गुणा. ८० किलोला ११० ते १२० लिटर येतात. वारा असतानाही तोल सांभाळता येऊ लागला की १.१५ ते १.२५ च्या पट्ट्यात या, म्हणजे ९२ ते १०० लिटर. त्याखाली जाणारे लोक आहेत, पण ते सतत पॅडल मारत राहतात आणि त्यांचा तोल पायांइतकाच पॅडलवर असतो.

लिटर कुठे भरलेत, हे मात्र आकड्यावरून कळत नाही. ११० लिटरचे दोन बोर्ड घ्या. एकाची जाडी मधोमध घुमटासारखी आणि कडा म्हणजे रेल पातळ, दुसऱ्याचा वरचा भाग सपाट आणि रेल जाड. उभं राहिल्यावर पहिला डुगडुगतो, कारण एका बाजूला कललात की त्या कडेखाली तोलून धरायला काही नसतं. लाटेवर मात्र हाच पातळ रेलचा बोर्ड पाण्यात कड रुतवून सुरेख वळतो. मधला मार्ग म्हणून काही बोर्डांचा पृष्ठभाग सपाट ठेवून कडेला पायरीसारखा उतार देतात. पहिल्या छोट्या बोर्डासाठी हा प्रकार चांगला.

टोकांची रुंदी मोजा

बोर्ड पसंत करताना एक टेप खिशात ठेवा. नाकापासून (पुढचं टोक) एक फुटावर, मधोमध आणि टेलपासून (मागचं टोक) एक फुटावर, अशा तीन ठिकाणी रुंदी घ्या. दोन बोर्ड ८ फूट × ३० इंच असूनही पाण्यात पूर्णपणे वेगळे का वागतात, ते या तीन आकड्यांत दिसतं.

बाजारात ढोबळमानाने दोन घराणी आहेत. पहिलं बोथट नाकाचं: कडा जवळपास समांतर, टेल रुंद, लांबी आखूड. स्टारबोर्डचा हायपर नट, फॅनॅटिकचा स्टबी, नेशचा मॅड डॉग या वळणाचे. दुसरं निमुळत्या नाकाचं, नेहमीच्या सर्फबोर्डाच्या घाटाचं: स्टारबोर्डचा प्रो, फॅनॅटिकचा प्रोवेव्ह, नेशचा होकुआ. प्रत्येक कंपनी दर एक-दोन वर्षांनी मापं बदलते. तेव्हा नावावर जाऊ नका, समोरच्या बोर्डावर छापलेलं माप वाचा.

बोथट घराण्यात नाक आणि टेल दोन्ही भरलेली असल्याने कमी लांबीतही पुरेसे लिटर बसतात आणि उभं राहायला पाट मिळतो. कमकुवत, गुडघा ते छातीभर उंचीच्या लाटांत हे बोर्ड लवकर वेग धरतात. पहिला छोटा बोर्ड बहुतेकांनी यातलाच घ्यावा. त्यांचं दुखणं लाट मोठी आणि वेगवान झाली की समजतं. टेल एक फुटावर वीस इंचांच्या वर असेल, तर वेगात रेल पाण्यात रुतत नाही, टेल वर उचलली जाते आणि वळणात बोर्ड घसरतो. शिवाय उभ्या चढणीच्या लाटेवरून खाली येताना रुंद, सपाट नाक पाण्यात घुसायला टपलेलं असतं.

निमुळत्या घराण्याचं उलट. उभ्या, पोकळ लाटेत ते रमतात. मंद लाटेत तेच बोर्ड चिखलात चालल्यासारखे जातात. तुमच्याकडे वर्षातले बहुतेक दिवस लाट कंबरेखालीच असेल, तर मोठ्या दिवसांच्या आशेवर हा बोर्ड घेण्यात अर्थ नाही.

रॉकर, म्हणजे बाजूने पाहिल्यावर दिसणारी बोर्डाची कमान, याचंही तेच गणित. कमान कमी असली तर वेग जास्त, लाट लवकर मिळते. पण उतार तीव्र झाला की नाक बुडतं. कमान जास्त असली तर उशिरा, उभ्या लाटेवरही उतरता येतं. मात्र पॅडल मारताना बोर्ड पाणी ढकलत बसतो. पाहायची रीत सोपी आहे: बोर्ड पालथा सपाट जमिनीवर ठेवून बाजूने वाकून बघा. कमान नाकाच्या शेवटच्या दीड-दोन फुटांत आणि थोडी टेलमध्ये असावी, मधला पट्टा बराचसा सरळ. तळाला टेलकडे किंचित व्ही आकार असेल तर रुंद बोर्डही एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सहज जातो.

टेलचा घाट त्या मानाने कमी महत्त्वाचा. चौकोनी, गोल कोपऱ्यांची स्क्वॉश टेल सगळीकडे चालते. गोल किंवा टोकदार टेल मोठ्या लाटेत पकड देते. यावर फार डोकं खपवू नका.

फिन: सगळ्यात स्वस्त सुधारणा

बोर्ड वळत नाही किंवा घसरतो म्हणून विकायला काढण्याआधी फिन, म्हणजे तळाला टेलकडे बसवलेले पर, बदलून पाहा. बोर्डासोबत आलेला संच अनेकदा सरासरी वजनाच्या माणसासाठी असतो. पाच खाचांचा बोर्ड मिळाला तर तो घ्या. त्यावर तीन फिन म्हणजे थ्रस्टर किंवा चार म्हणजे क्वाड, दोन्ही लावता येतात. थ्रस्टरमध्ये मधला फिन टेकू देतो, त्यामुळे उभं वळण नेमकं येतं. क्वाडमध्ये मध्ये अडथळा नसल्याने लाटेच्या भिंतीवरून बोर्ड वेगात धावतो आणि चार फिन कडांजवळ असल्याने रुंद टेल नीट धरून राहते. वर सांगितलेल्या घसरण्यावर पहिला उपाय हाच: क्वाड, पुढचे फिन मोठ्या मापाचे. ८० किलोच्या पुढच्या माणसाने एल म्हणजे मोठ्या मापापासूनच सुरुवात करावी.

मधली खाच लांब पट्टीची असेल, तर फिन पुढे-मागे सरकवता येतो. मागे सरकवला की बोर्ड सरळ चालतो, पुढे घेतला की मोकळा वळतो. एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जास्त हलवू नका, नाहीतर कशाने काय बदललं ते कळत नाही.

एफसीएस आणि फ्यूचर्स या दोन पद्धतींचे फिन एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, हे विकत घेतानाच पाहा. दोन्हींचे स्क्रू एकाच ३/३२ इंची षटकोनी चावीने फिरतात. स्क्रू बसेल इतकाच आवळा. जोर लावला तर खाचेच्या कडेला केसाएवढी चीर पडते आणि तिथूनच पाणी आत जातं.

पॅडल

जुनं, सपाट पाण्यातलं पॅडल छोट्या बोर्डावर लांब पडतं. लाटांसाठी उंची डोक्याइतकी ते डोक्यावर चार इंच, यापेक्षा जास्त नको. पातं ७० किलोच्या आतल्यांना ७५ ते ८० चौरस इंच, त्याहून जड असाल तर ८५ ते ९०. मोठं पातं दमदार वाटतं, पण छोट्या बोर्डाला भराभर, आखूड फटके लागतात आणि मोठ्या पात्याने खांदे भरून येतात. आधी कमी-जास्त होणाऱ्या दांड्यावर उंची ठरवा, मगच एकसंध दांडा कापा, तोही अर्ध्या-अर्ध्या इंचाने. मूठ गरम गोंदाने चिकटवली असेल, तर ती तापवून काढून पुन्हा बसवता येते.

छोटा बोर्ड प्रत्येक फटक्याला नाक फिरवतो, अशी तक्रार सर्रास असते. बोर्डाचा दोष नसतो त्यात. दांडा उभा धरा, पातं रेलला चिकटून चालवा आणि पायाच्या बोटांपाशी आलं की उचला. पाय समांतर न ठेवता एक पाय अर्धा पाऊल पुढे ठेवला तर पुढे-मागे डोलणंही कमी होतं.

बांधणी आणि जुना बोर्ड घेताना

आत थर्माकोलसारखा ईपीएस फोम, वर काचेचं कापड आणि इपॉक्सी, महागड्या बोर्डांत मध्ये पीव्हीसी फोमचा किंवा लाकडाचा थर, वर कार्बन: साधारण अशी रचना. कार्बन हलका आणि ताठ असतो. आठ फुटी बोर्डात फरक किलोभराचा पडतो. त्यासाठी बरेच जास्त पैसे मोजण्यापेक्षा योग्य मापाचा साधा बोर्ड घ्यावा. हवा भरायचा बोर्ड लाटांसाठी नकोच. त्याची सहा इंच जाडीची गोल कड पाण्यात रुतत नाही आणि मधून लवतो.

ईपीएस पाणी पितो. म्हणून चीर दिसली की त्याच दिवशी बोर्ड बाहेर काढा, पूर्ण वाळू द्या आणि इपॉक्सीनेच भरा. पॉलिएस्टर रेझिन वापरलं तर त्यातलं स्टायरीन आतला फोम विरघळवून पोकळी करतं. उन्हात, बंद गाडीत किंवा काळ्या पिशवीत बोर्ड ठेवू नका. आतली हवा फुगते आणि वरचा थर सुटतो. ही हवा बाहेर सोडण्यासाठी बोर्डाला असलेलं हवेचं भोक हाताने उघडायचं असेल, तर पाण्याबाहेर आल्यावर उघडा आणि उतरण्याआधी बंद करा. दुसरी गोष्ट विसरली, तर बोर्ड आतून भिजतो.

जुना बोर्ड बघताना वजनकाटा न्या. कंपनीने दिलेल्या वजनापेक्षा अर्धा-एक किलो जास्त भरला आणि दुरुस्तीच्या खुणा फारशा नसतील, तर आत पाणी आहे असं धरून चाला. पाय पडतात त्या जागेवर अंगठ्याने दाबा. दबून परत उठत असेल, तर थर सुटलाय. नाण्याने ठोकत जा, टणक आवाज मध्येच बद्द झाला की तिथे थांबून नीट पाहा. फिनच्या खाचा, हवेचं भोक आणि मूठ या तिघांच्या कडा भिंगाने तपासण्यासारख्या. मुठीला धरून बोर्ड उचलूनही पाहा. एका बाजूला झुकत असेल, तर किनाऱ्यापर्यंतची रोजची चाल त्रासाची होईल.

पाण्यात पारख

शक्य असेल तर घेण्याआधी अर्धा तास तरी बोर्ड पाण्यात वापरा, आणि तोही थोडा वारा असताना. सपाट सकाळी कुठलाही बोर्ड स्थिरच वाटतो. आधी लाटांच्या मागे जाऊन पॅडल पाण्यातून उचला आणि स्वस्थ उभे राहा. दहा सेकंद टिकता आलं तर माप बरोबर. तीनच सेकंदांत पडत असाल, तर लिटर वाढवण्याआधी एक इंच रुंद बोर्ड मागा. मग दोन्ही बाजूंना वळून बघा: मागे एक पाऊल टाकून टेल दाबली की नाक उचलून बोर्ड फिरला पाहिजे. शेवटी लाट घ्या. उतरताना नाक बुडलं तर पुढच्या खेपेला पाऊल अर्धा फूट मागे ठेवून पाहा. तरीही बुडत असेल, तर कमान त्या लाटेला कमी पडतेय. उलट लाट पायाखालून निघून जात असेल, तर तुम्ही फार मागे उभे आहात, किंवा लांब बोर्डाच्या सवयीने शिखरापासून दूर थांबताय. छोट्या बोर्डाला लाट जिथे फुटते त्याच्या जवळच उभं राहावं लागतं.

लीश बोर्डाच्या लांबीइतकी किंवा फूटभर जास्त, सात ते आठ मिलिमीटर जाडीची, सरळ. गुंडाळीची लीश फुटणाऱ्या लाटेत ताणली जाऊन बोर्ड तुमच्याच अंगावर फेकते. आठ किलोचा सुटलेला बोर्ड मागच्या माणसाला गंभीर इजा करू शकतो, म्हणून गर्दीत लाट आली तर बोर्ड सोडून पाण्यात उडी मारू नका, बोर्डाची मूठ धरून ठेवा. उभं असल्यामुळे लाट तुम्हाला सगळ्यांत आधी दिसते. म्हणून प्रत्येक लाट उचलू नका, किनाऱ्याच्या बाजूला आत बसून वाट पाहणाऱ्या सर्फरांसाठी दोन-तीन सोडा.

लीशची दोरी टेलच्या कडेवरून जाते तिथे रुंद पट्टी असावी. नुसती बारीक दोरी असेल, तर एका जोरदार आपटीत ती बोर्डाची कड कापते.